लखनौला खेळ शिकायला गेले

मला लखनौला पाठवायचं ठरलं तेव्हा मी बालगृहाच्या मागच्या पडवीत मुलींच्या वेण्या घालत होते. स्नेहलताई आल्या आणि म्हणाल्या, "कुसुममावशी, तुम्हाला माझ्याबरोबर लखनौला यायचंय, दहा दिवस." मी हातातली वेणी पुरी केली, रिबीन बांधली, आणि मगच त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, सामान धरायला कुणीतरी हवं असेल.

तसं नव्हतं. ज्या मुलांवर काही वाईट प्रसंग गुजरलेत, ती मुलं खेळता खेळता बरी होतात म्हणे. तसं खेळवायला शिकवण्याचा वर्ग लखनौला होता. प्रत्येक संस्थेनं दोन माणसं पाठवायची होती. एक शिकलेलं, आणि एक जे दिवसभर मुलांजवळ असतं ते. स्नेहलताई मिरजेच्या आमच्या बालगृहात समुपदेशक आहेत, त्यांचं शिक्षण मोठं आहे. मी तिथं अकरा वर्षं मदतनीस आहे. अंघोळी, वेण्या, जेवणं, झोपवणं हे माझं काम. बाकीच्या दोघी मदतनिसांना घरचे सोडेनात. मला घरी विचारायला कुणी नाही, म्हणून माझं नाव गेलं.

मी नाही म्हणणार होते. पण मला अंजना दिसत होती.

अंजना सहाएक वर्षांची असेल. वर्षापूर्वी रेल्वे पोलिसांनी तिला फलाटावरून आमच्याकडे आणली. तेव्हापासून ती एक अक्षर बोललेली नाही. अंजना हे नावही आम्हीच ठेवलेलं. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, सगळं ठीक आहे म्हणाले. ती माझ्या शेजारच्या गादीवर झोपते आणि झोपेत माझ्या पदराचं टोक धरते. अधीक्षकबाईंनी ठरवलं होतं की जूनमध्ये तिला दूरच्या जिल्ह्यातल्या मुक्या मुलांच्या निवासी शाळेत पाठवायचं. तिथं बोलायला शिकवतात, इथं ठेवून तिचं नुकसान होतंय, असं त्यांचं म्हणणं. ते चूक आहे असंही मला म्हणता येत नव्हतं.

मी मनाशी धरलं की लखनौला बोलतं करायची रीत शिकवत असतील. ती शिकून यायची आणि जूनच्या आत अंजनाला बोलतं करायचं. दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं.

तेलीबाग

आम्ही लखनौच्या तेलीबाग भागात स्नेहलताईंच्या आत्यांकडे उतरलो. त्यांचे यजमान फौजेत सुभेदार, तेव्हा सरहद्दीवर होते. घरात आत्या आणि अकरावीतली मुलगी पिंकी. आत्या कऱ्हाडकडच्या. बोलणं अजून तिकडचंच, पण मधे मधे "अच्छा", "हाँ", "सब्जी" येत राहतं. पिंकीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. आत्या म्हणाल्या, "पिंके, मावशींना गरम पाणी काढून दे." पिंकी म्हणाली, "दे रही हूँ ना, मम्मी." दोघी एकमेकींशी दिवसभर अशा दोन भाषांत भांडतात आणि दोघींना त्यात काही वेगळं वाटत नाही.

थंडी अशी होती की सकाळी समोरचं घर दिसायचं नाही. धुकं म्हणजे आमच्याकडे नदीवर असतं तेवढंच मला माहीत. इथं ते अंगणात, दाराच्या फटीत, दोरीवरच्या कपड्यांत. मी नेलेली एक शाल पुरेना. आत्यांनी सुभेदारांचं जुनं स्वेटर दिलं, ते माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. पिंकी हसू दाबत होती. मलाही हसू आलं, पण मी तोंड फिरवलं.

त्या दिवसांत तिकडे सगळीकडे मटार. पहिल्या दिवशी मटार वाटून केलेली हिरवी आमटी होती, तिला निमोना म्हणतात. दुसऱ्या दिवशी मटारभात, तिसऱ्या दिवशी पोह्यात मटार. आत्या म्हणाल्या, "थंडी संपेपर्यंत असंच. आमचे हे सुट्टीवर आले की विचारतात, आज मटारात काय घातलंय?" निमोना मला फार आवडला. पण आवडला हे सांगायला मला चार दिवस लागले, तोपर्यंत आत्यांना वाटत होतं की मी भिडेनं खातेय.

वर्ग

रायबरेली रस्त्यावरून आत गेल्यावर एका जुन्या बंगल्यात वर्ग भरत होता. तिकडच्या मोठ्या रिक्षाला टेंपो म्हणतात, त्यात आठ माणसं कोंबून बसतात, त्यात पाय आखडून जायचं. पहिल्या दिवशी वीसेक माणसं होती. बहुतेक सगळे शिकलेले, कुणी डॉक्टर, कुणी शाळेतले. शिकवणाऱ्या नसीम आपा, आपा म्हणजे ताई. साठीच्या, बारीक अंगाच्या, पांढरा भरतकामाचा कुडता आणि वर तपकिरी शाल. आवाज इतका हळू की ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागायचं.

प्रत्येकानं उठून नाव आणि काम सांगायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "बच्चों को खाना खिलाती हूँ." बोलून खाली बसणार तोच आपा म्हणाल्या, "और?"

"नहलाती हूँ."

"और?"

झोपवते, वेण्या घालते, उवा काढते, आजारी पडलं की जवळ बसते. त्या "और" म्हणत राहिल्या आणि मी सांगत राहिले. शेवटी सांगण्यासारखं उरलं नाही तेव्हा मी खाली बसले. त्यांनी मला असं का उभं ठेवलं ते मला कळलं नाही.

मग त्यांनी सगळ्यांना जमिनीवर बसवलं, खेळणी समोर ओतली आणि अर्धा तास खेळायला सांगितलं. मोठी माणसं. कानपूरचे एक दाढीवाले डॉक्टर पोटावर झोपून पत्र्याची मोटार चालवायला लागले आणि तोंडानं आवाजही काढत होते. स्नेहलताई बाहुलीला इंजेक्शन देत होत्या. मला काय करावं सुचेना. मी लाकडी ठोकळे घेतले, लाल एकीकडे, निळे एकीकडे असे लावून ठेवले, खाली सांडलेले मणी डब्यात भरले. आपा जवळ आल्या, बघितलं, आणि पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणं सुरू झालं आणि माझा गोंधळ वाढत गेला. मूल खेळताना त्याला प्रश्न विचारायचा नाही. शाबास म्हणायचं नाही. असं नको, तसं कर, हे सांगायचं नाही. त्यानं मागितल्याशिवाय मदत करायची नाही. रडलं तर लगेच डोळे पुसायला धावायचं नाही. फक्त जवळ बसायचं आणि जे दिसतं ते म्हणायचं. मुलानं मोटार आपटली तर, "आपने गाड़ी ज़ोर से पटक दी." एवढंच.

मी स्नेहलताईंना विचारलं, "मग आपण करायचं काय?"

त्या म्हणाल्या, "हेच तर करायचं, मावशी."

हे कसलं करणं? आमच्याकडे मी अशी हात बांधून बसले असते तर अधीक्षकबाईंनी पहिल्याच महिन्यात काढून टाकलं असतं.

आणखी एक. तिथं मुलांनाही "आप" म्हणतात. नसीम आपा बंगल्यात येणाऱ्या सात वर्षांच्या पोरीला म्हणायच्या, "आइए, बैठिए." मला वाटलं हे फक्त वर्गापुरतं. पण आत्यांच्या शेजारची बाई आपल्या रांगत्या बाळाला म्हणाली, "आप मिट्टी मत खाइए." आमच्याकडे "अगं ए, ये इकडं" हीच माया. मी पिंकीवर सराव केला. "आप पाणी पियेंगी?" म्हटलं, तर ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "मौसी, आप तो नवाब हो गईं."

रोज संध्याकाळी मी वाट बघायची की आज नाही तर उद्या बोलतं करायची रीत सांगतील. चौथ्या दिवशी धीर करून मी स्नेहलताईंकरवी विचारून घेतलं, की जे मूल बोलतच नाही त्याला बोलतं कसं करायचं. आपा म्हणाल्या, "बच्चे से बुलवाना हमारा काम नहीं है." मग त्यांनी दुसऱ्याच कुणाचा प्रश्न घेतला. मी वहीत ते वाक्य लिहून घेतलं आणि पुढे काही लिहिलं नाही. त्या दिवशी मला परत जावंसं वाटलं.

अमीनाबाद

रविवारी सुट्टी. प्रत्येक संस्थेनं आपल्याकडच्या खोलीसाठी खेळणी घ्यायची होती, त्याची यादी आपांनी दिली होती. स्नेहलताई, पिंकी आणि मी रिक्षानं अमीनाबादेत गेलो. कापडाची दुकानं, बांगड्या, भांडी, आणि मधून माणसांच्या रांगा. तिथं कुणी कुणाला ढकलत नाही, पण जागाही कुणाला मिळत नाही.

यादी वाचून मी चक्रावले. भातुकली, बाहुल्या, डॉक्टरचं सामान हे ठीक. पण साप, लांडगा, बंदूक, हातकडी? दुकानदारसुद्धा म्हणाला, "बहन जी, बच्चों के लिए है या थाने के लिए?" पिंकीनं त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. भीती वाटते त्या गोष्टींशीसुद्धा खेळायला मिळालं पाहिजे, असं काहीतरी. त्यानं मान हलवली आणि सगळ्यात ओंगळ साप काढून दिला, हिरवा रबरी, हातभर लांब. मातीची रंगवलेली माणसंही घेतली. पखालीतून पाणी वाहणारा भिस्ती, म्हातारी, पोलीस, दुधवाला. त्यांची तोंडं इतकी खरी की कागदात गुंडाळताना मला कसंसंच झालं.

पिंकीनं मक्खन मलाई खायला घातली. पानाच्या द्रोणात पिवळसर फेस, वर पिस्ते. मी घास घेतला आणि तोंडात काहीच नव्हतं. गोड वास राहिला, केशराचा, पण चावायला काही नाही. मी परत घास घेतला. पिंकी विचारत होती, "कैसी है, मौसी?" मला सांगता येईना. खाल्लं म्हणावं की नाही हेच कळत नव्हतं.

परतताना टेंपोत पिशवीतून साप निसटला आणि शेजारच्या बाईच्या मांडीवर पडला. ती ओरडली, समोरचे दोघे उठून उभे राहिले, टेंपो थांबला. कोपऱ्यात एक टोपीवाले म्हातारे बसले होते. त्यांनी साप शेपटीनं उचलला आणि माझ्यापुढे धरला. "लीजिए, आपके साहबज़ादे." सगळे हसले, ती बाईसुद्धा. मी पदर तोंडावर ओढला आणि तेलीबाग येईपर्यंत काढला नाही.

चिकाचा पडदा

सहाव्या दिवसापासून प्रत्यक्ष सराव होता. बंगल्यात एक खेळाची खोली होती आणि तिच्या एका बाजूला बांबूच्या काड्यांचा पडदा, त्याला तिथं चिक म्हणतात. पडद्यामागं अंधारात बाकीचे बसून बघायचे. जवळच्याच एका बालगृहातली मुलं यायची. एक मूल, एक मोठं माणूस, पाऊण तास.

मला मुन्नी नावाची मुलगी मिळाली. सात वर्षांची, केस बारीक कापलेले, अंगात मोठ्या मुलाचा शर्ट. ती आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आपांनी सांगितल्याप्रमाणे मी म्हणाले, "यहाँ आप जो चाहें खेल सकती हैं." पुढे काही बोलले नाही. हात मांडीवर ठेवून बसले. पडद्यामागं वीस माणसं आहेत हे माझ्या पाठीला कळत होतं.

पाचेक मिनिटांनी ती वाळूच्या पेटीकडे गेली. लाकडी पेटी, आतून निळी रंगवलेली, अर्धी वाळूनं भरलेली. तिनं फळीवरून बाहुली-घरातली माणसं आणली, आई, बाप, दोन मुलं, आजी, आणि एकेक करून वाळूत पुरली. अगदी पूर्ण. वरून हात फिरवून वाळू सारखी केली. वर एक चूल ठेवली. मी म्हणाले, "आपने सबको अंदर रखा." तिनं माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच. मला बरं वाटलं. वाटलं, जमतंय.

मग ती उठली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोटारींकडे गेली. पाठमोरी होती.

आता पुढचं मी कसं केलं ते मला खरंच माहीत नाही. करायचं असं ठरवलं नव्हतं. माझे हात वाळूत गेले. मी आई बाहेर काढली, झटकली, पदरानं तोंड पुसलं, फळीवर जागच्या जागी ठेवली. मग बाप. मग दोन्ही मुलं. आजीच्या केसांत वाळू अडकली होती ती नखानं काढली. मूल एका खेळावरून उठलं की तो खेळ आवरायचा, हे मी अकरा वर्षं दिवसातून पन्नास वेळा करत आलेय. चूल उचलत होते तेव्हा मान वर केली, तर मुन्नी बघत होती.

ती रडली नाही, ओरडली नाही. रडली असती तर मला काही सुचलं असतं. ती मुकाट्यानं हातातली मोटार जागेवर ठेवून आली. मग माझ्याजवळ बसली आणि पेटीबाहेर सांडलेली वाळू गोळा करायला लागली. आपल्या शर्टाच्या टोकानं फरशी पुसली. ठोकळे डब्यात भरले. उरलेला अर्धा तास तिनं खोली आवरली. फार नीट आवरली. शिकवल्याप्रमाणे मी दिसतं ते म्हणायला हवं होतं, तेही केलं नाही.

वेळ संपल्यावर ती दाराशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "और कुछ काम है?"

चपला

पडद्यामागून सगळे बाहेर आले. कानपूरच्या डॉक्टरांनी मला चहा आणून दिला, मातीच्या भांड्यातला. मी तो हातात धरून मागच्या पायरीवर बसले. नसीम आपा आल्या आणि शेजारी पायरीवरच बसल्या. मला वाटलं आता सांगतील, तुम्ही परत जा.

त्यांनी विचारलं, "आपके यहाँ जो बच्ची नहीं बोलती, वो दिन भर क्या करती है?"

मी म्हणाले, काही नाही. जेवते, झोपते. कुणाला त्रास देत नाही. फक्त एक खोड आहे. दुपारी सगळी निजली की व्हरांड्यातल्या चपला घेते आणि फाटकापासून दारापर्यंत ओळीनं मांडते. सगळ्यांच्या. मुलांच्या, आमच्या, वॉचमनच्या. मांडून झाल्या की शेवटच्या चपलेजवळ उकिडवी बसून राहते.

"फिर?"

"मग मी उचलून ठेवते." हे मी मराठीतच बोलले, पण त्यांना कळलं असावं. "रोज. रागवत नाही कधी. हळूच उचलते आणि परत फळीवर लावते."

हातातला चहा गार झाला. रोज ती मांडते, रोज मी उचलते. वर्षभर. मुन्नीचं तोंड माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. अंजनानं मात्र कधी माझ्यासोबत चपला आवरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी परत मांडल्या.

मी विचारलं, "वो क्या बोलती है, चप्पल से?"

आपा म्हणाल्या, "मुझे क्या मालूम. मैंने तो देखा नहीं. आपने देखा है. पहली चप्पल किसकी होती है?"

चपला कोणत्या क्रमानं असतात, तोंडं कुठल्या बाजूला असतात, एकाही दिवसाचं मला आठवेना. माझं लक्ष त्या किती पटकन उचलता येतील याच्यावर होतं.

शेवटचे दिवस

दोन दिवसांनी मुन्नी परत येणार होती. मी आपांना म्हटलं, माझ्याऐवजी स्नेहलताईंना बसवा. त्या नको म्हणाल्या. जिच्या हातून मोडलं तिनंच बसायचं, आणि मुलीला सांगायचं की माझी चूक झाली. एवढ्याशा पोरीला मोठ्या बाईनं असं सांगायचं, हे मी कधी केलेलं नाही आणि कुणी केलेलं बघितलेलंही नाही. त्या संध्याकाळी मी पिंकीकडून ते वाक्य हिंदीत पाठ करून घेतलं. आत्या भाजी चिरता चिरता ऐकत होत्या. म्हणाल्या, "आम्हाला कुणी असं म्हटलं असतं लहानपणी, तर आम्ही घाबरलोच असतो."

मुन्नी आली. मी म्हणाले, "उस दिन आपने जो बनाया था, मैंने तोड़ दिया. वो मेरी ग़लती थी." ती घाबरली नाही. शर्टाचं बटण पिळत थोडा वेळ उभी राहिली, मग खोली न्याहाळली. सगळं पहिल्या दिवशी होतं तिथंच होतं, तशीच रीत आहे तिथं. ती फळीकडे गेली, पण माणसं आणली नाहीत. नुसती वाळू हातानं इकडची तिकडे करत राहिली. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. बोटांना मुंग्या आल्या.

वेळ संपायला पाच मिनिटं उरली ते मी सांगितलं. तेव्हा ती घाईनं उठली, आजी तेवढी आणली आणि वाळूत खोल पुरली. वरून दोन्ही तळहातांनी दाबलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "इसको मत निकालना."

"आप चाहती हैं कि मैं इसको न निकालूँ," मी म्हणाले.

ती गेली. तिच्यानंतर दुसरं मूल यायचं होतं. आपा आत आल्या, त्यांनी वहीत पेटीचं चित्र काढलं, आजी कुठे आहे तिथं खूण केली, तारीख घातली, आणि मग स्वतः आजीला बाहेर काढून फळीवर ठेवलं. मी बघतच राहिले. शेवटी काढलंच ना? मुन्नीनं नको म्हटलं होतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ती गेल्यावर काढणं आणि ती असताना काढणं यात फरक आहे, आणि पुढच्या वेळी तिला खरं काय ते सांगायचं. फरक आहे हे मला कळतं. काय फरक आहे ते मला अजून नीट सांगता येत नाही. शेवटच्या दिवशी निघताना सगळ्यांना वर्ग पुरा केल्याचा कागद मिळाला, माझ्याही नावाचा. मी तो घेतला, पण मला बोलतं करायची रीत काही मिळाली नव्हती.

मिरज

आम्ही सकाळी पोचलो. अंजना दारात होती. तिनं माझ्या पदराचं टोक धरलं आणि दिवसभर सोडलं नाही.

अधीक्षकबाईंनी ऑफिसात बोलावलं. स्नेहलताईंनी बरंच सांगितलं, त्यांना सांगता येतं. मग बाई माझ्याकडे वळल्या. "काय कुसुमताई, शिकून आलात ना? आता बोलेल का ती?"

मी म्हणाले, "ते नाही शिकवलं."

"मग दहा दिवस काय शिकवलं?"

मी एवढंच म्हणाले की दुपारी मांडलेल्या चपला चार वाजेपर्यंत कुणी उचलू नयेत. बाईंनी स्नेहलताईंकडे बघितलं. स्नेहलताई म्हणाल्या, "करून बघू, बाई. महिनाभर." बाईंनी मान हलवली, पण जूनचं पत्र टाइप करून टेबलावर ठेवलेलं होतं, ते मला दिसलं.

पहिले आठ दिवस फार त्रास झाला. स्वयंपाकीणबाई उन्हात अनवाणी चालत बडबडल्या, "लखनौला जाऊन आमच्या पायाला चटके देण्याचं शिकून आली." वॉचमन रोज फाटकाशी उभा राहून आपल्या बुटांकडे बघत राहायचा. मी व्हरांड्यात बसून बघायची. फाटकाजवळची पहिली चप्पल नेहमी मोठ्या माणसाची, रोज वेगळी, पण मोठ्याचीच. तोंडं सगळी बाहेरच्या बाजूला. तिची स्वतःची सगळ्यात शेवटी, दारापाशी. आणि तिच्या चपलेच्या पुढे एका चपलेएवढी जागा मोकळी. पहिल्या दिवशी मला वाटलं चुकून राहिली. आठही दिवस होती.

मी जवळ जाऊन बसले. विचारायचं नव्हतं. म्हणाले, "इथं एक जागा मोकळी ठेवलीयस." तिच्याशी "तुम्ही" म्हणणं मला काही जमलं नाही.

अंजनानं माझ्याकडे बघितलं. मग त्या जागेकडे. मग पुढची चप्पल उचलून थोडी पुढे सरकवली. जागा मोठी झाली. हे उत्तर आहे की नाही मला माहीत नाही. पण वर्षभरात मी काही म्हटलं आणि त्यावर तिनं काही केलं, असं पहिल्यांदा झालं.

त्याच आठवड्यात अधीक्षकबाईंना साडेतीनला बाहेर सरकारी कचेरीत जायचं होतं. त्यांच्या चपला ओळीच्या मधोमध होत्या. कुणीतरी येऊन मला सांगितलं, बाई थांबल्यात, दे काढून. मी उठले. गेले. बाई पायरीवर अनवाणी उभ्या होत्या. त्यांच्याशी मी कधी नजर वर करून बोललेली नाही. तेव्हाही केली नाही. त्यांच्या पायांकडे बघत म्हणाले, "बाई, चारला मिळतील."

मी तशीच उभी राहिले. मग त्या पायरीवर बसल्या. मी त्यांना ती मोकळी जागा दाखवली, ती वाढली तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुणाची आहे ती?" मी म्हणाले, "ठाऊक नाही, बाई. आधी मला ती दिसलीच नव्हती. अंजनाला त्या शाळेत पाठवली तर तिथल्या बायाही चपला आवरूनच टाकतील." एवढं मोठं बोलणं मी त्यांच्यापुढं कधी केलं नव्हतं. बाई चार वाजेपर्यंत बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी स्नेहलताईंनी सांगितलं की यंदाचं पत्र बाईंनी न पाठवायचं ठरवलं. पुढच्या जूनला परत बघू म्हणाल्या. म्हणजे आणखी एक वर्ष आहे. त्या वर्षात काय करायचं, मी आणखी काय बघायचं, मला काही कळत नाही. अंजना अजून बोललेली नाही. आज दुपारी ती जागा दोन चपलांएवढी होती. मी तसं म्हणाले. तिनं मान खाली घातली आणि सरकून त्या जागेच्या कडेला बसली, आणि चार वाजेपर्यंत आम्ही दोघी तिथं बसलो.